देवापुढचं धरणं

शुक्रवार होता आणि विनोदिनीबाईंचा उपास होता, म्हणजे सगळ्या ऑफिसाला ताप होता. शंकर नगरातल्या त्या सरकारी कार्यालयात ख्रिस्ती माणूस एकच, पण तो एक दहांना भारी! सकाळी शिपायाला झापून झालं, मग झेरॉक्सच्या मशीनला झापून झालं. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या चित्राताईंनी डबा उघडला आणि भरल्या वांग्याचा वास सुटला, तेव्हा बाईंनी हातातली फाईल अशी आपटली की पलीकडच्या साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

"काहून व विनोदिनी, उपासाचा दिवस आहे ना?" चित्राताई म्हणाल्या. "आमच्या आईची एकादशी असली का ती दिवसभर गप्प असते. तू तर डबल बोलून राहिली!"

"मी चिडून नाही राहिली," विनोदिनीबाई चिडून म्हणाल्या.

"मी कुठं म्हटलं चिडली म्हणून?"

आता बाईंची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. हा त्यांचा नुसता शुक्रवार नव्हता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ चालू होता, आणि यंदा त्यांच्या डोक्यावर मोठं संकट होतं.

तेलीबांध्याच्या तलावामागच्या गल्लीत त्यांचं चर्च. इमारत एक, मंडळ्या दोन. सकाळी सातला मराठी उपासना, नवाला हिंदी. आजे-पणजे अमरावती-अचलपूरकडून या हिंदी मुलखात रेल्वेत आणि शाळांत नोकरीला आले, त्यांनी ही सातची उपासना सुरू केली. पुढे हिंदीची मंडळी भरत गेली आणि मराठीची ओसरत गेली. कोणी नागपूरला परतलं, कोणाची पोरं बंगलोरला गेली, कोणाची इथेच राहून हिंदी झाली. शेवटी चर्चच्या कमिटीनं यंदा सांगून टाकलं, "ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही येऊन पाहू. बाकं भरलेली दिसली तर ठीक. नाहीतर ईस्टरनंतर सातची उपासना बंद, सगळ्यांनी नवाला यायचं."

सगळ्यांनी नवाला यायचं! म्हणायला किती सोपं! विनोदिनीबाईंचं लग्न त्या सातच्या मंडळीनं लावलं होतं. त्यांच्या वडिलांना त्याच मंडळीनं गाणी म्हणत मातीपर्यंत पोचवलं होतं. नवरा रेल्वेत, बिलासपूरला ड्युटी, आठवड्यातून एकदा घरी. मुलगी पायल कॉलेजात. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. घरात ती मराठी ऐकायची ती फक्त ओरडा खाताना. देवाची स्तुती मराठीत ऐकायची एकच जागा उरली होती, आणि तीही आता जाणार! बाईंचा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून त्यांनीच पुढाकार घेऊन मंडळीत साखळी उपास लावला. रोज एका घरानं दिवसभर उपाशी राहायचं आणि दर शुक्रवारी सगळ्यांनी मिळून. संध्याकाळी चर्चमध्ये जमायचं, प्रार्थना करायची, मग चहा-पोह्यांवर उपास सोडायचा. विषय एकच: प्रभूनं मराठी उपासना वाचवावी.

त्या शुक्रवारीही सगळे जमले. चर्चचे पाळक निरंजन यांनी गाणं सुरू केलं. ते तरुण होते आणि दोन्ही मंडळ्या त्यांच्याच गळ्यात होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम कोणाची तरी माफी मागितल्यासारखा भाव. गाणं झालं आणि ते म्हणाले, "आता ज्याला पवित्र आत्मा प्रेरणा देईल त्यानं प्रार्थना करावी."

वाचकहो, इथे एक गोष्ट सांगायला हवी, रागावू नका. सामूहिक प्रार्थनेत आपल्याकडे एक मोठी सोय असते. जे तोंडावर बोलता येत नाही ते डोळे मिटून देवाला सांगायचं. ज्याला ऐकवायचं तो शेजारीच बसलेला असतो, आणि प्रार्थना चालू असल्यामुळे त्याला उलट बोलता येत नाही!

आत्म्यानं पहिली प्रेरणा दिली ती सेक्रेटरी प्रफुल्ल खंडारे यांना. उपासनेत अर्धी हिंदी आणली तर तरुण पोरं येतील, हे त्यांचं मत. विनोदिनीबाईंचा त्याला कडाडून विरोध. वर्षभर दोघांचा छत्तीसचा आकडा.

"हे प्रभू," प्रफुल्लभाऊंनी आवाज लावला, "ज्यायले वाटते का तुले फक्त मराठीच समजते, त्यायचे डोळे उघड. जुन्या चालीले कवटाळून बसलेल्यायमुळे आज ही पाळी आली, हे त्यायच्या ध्यानात आणून दे."

पुरुषांच्या बाजूनं "आमेन" आलं.

विनोदिनीबाईंनी श्वास घेण्यापुरताही वेळ जाऊ दिला नाही. "हे कृपाळू पित्या, मंडळीचे जे पुढारी आहेत, पण ज्यायच्या स्वतःच्या घरचे पोट्टे नाताळ सोडून चर्चचं तोंड पाहत नाहीत, त्यायले पहिले आपलं घर सांभाळायची सद्बुद्धी दे."

बायकांच्या बाजूनं त्याहून मोठं "आमेन!"

असं तासभर चाललं. देव बिचारा ऐकत असेलच. शेवटी पाळकांनी प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतली आणि सगळे पोह्यांकडे वळले. तिथे विनोदिनीबाईंना एक कल्पना सुचली.

"भनपुरीचे लोक आणू," त्या म्हणाल्या. "तुळशीराम, त्याच्या बाजूचे ते चार-सहा घरं. आपलेच मराठी आहेत सगळे. झावळ्यांच्या रविवारी गाडी करून आणू. एक दिवस आले तरी बाकं भरतात."

शहराच्या टोकाच्या भनपुरीची ही माणसं ट्रान्सपोर्टच्या गोदामांत कामाला. पूर्वी यायची, मागच्या बाकांवर बसायची. हळूहळू यायची थांबली. का थांबली हे विचारायला कोणी गेलं नव्हतं.

"हव, हे बराबर आहे," प्रफुल्लभाऊ म्हणाले. "गाडीचं मी पाहतो. सहालेच पाठवून देऊ."

वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं! पाळकांच्या चेहऱ्यावरही जरा उजेड पडला. तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीवरून काठी वाजली.

पद्मजामावशी उठल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मंडळीनं त्यांच्या हातचा मार खाल्लेला. त्यांनी पोह्यांना हात लावला नव्हता.

"मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "हा उपास आहे, का धरणं?"

मावशी काठी टेकत निघून गेल्या. विनोदिनीबाईंनी हातातली पोह्यांची बशी खाली आपटली.

घरी येईपर्यंत बाईंचा पारा चढलेलाच होता. भांडी आदळत त्या पायलला म्हणाल्या, "मी एवढी उपाशी राहून राहिली, आन मलेच बोलते ती म्हातारी! कोणासाठी करून राहिली मी हे सगळं?"

पायलनं मोबाईलमधून मान वर केली. "मम्मी, सच बोलूँ? शुक्रवार को घर में सबको डर लगता है. पापा तो फोन भी शनिवार को करते हैं."

"चूप बस!"

पायल पुन्हा मोबाईलमध्ये शिरली. बाईंना मात्र झोप लागेना. बरोबरच आहे. इतकी माणसं उपाशी, इतके शुक्रवार झाले आणि देव हूं की चूं करायला तयार नाही! दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी होती. सकाळी स्वयंपाक टाकून त्या थेट शंकर नगरात मावशींच्या घरी जाऊन धडकल्या.

मावशी व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. "जय ख्रिस्त. ये. अर्धी जुडी तू घे."

"जय ख्रिस्त. मी मेथी निवडायले नाही आली, मावशी. चारचौघांत असं बोलायचं असते का?"

"बसून तर बोल."

बाई बसल्या. हात आपोआप मेथीकडे गेले.

"कलेक्टर ऑफिससमोर मंडप टाकून लोक बसतात, पाह्यले ना?" मावशींनी विचारलं. "काय करतात ते? जेवत नाहीत. मागण्यायचा फलक लावतात. मागणी मान्य झाली का लिंबूपाणी पिऊन उठतात. तू काय वेगळं करून राहिली, सांग बरं."

"मी देवासाठी करून राहिली!"

"देवासाठी नाही, पोरी. देवासमोर मंडप टाकून. तुझं ठरलेलं आहे का सातची उपासना, तोच हॉल, तेच बाक राहिले पाहजे. देवानं फक्त सही करायची."

हे बाईंना फार लागलं. डोळ्यांत पाणीच आलं. "मग मागायचंच नाही का आम्ही? लेकरानं बापाले मागू नाही?"

"माग ना! हजारदा माग. पण मागून झाल्यावर थांबशील का नाही? तू फोन लावते, आपलं सगळं सांगते आन ठेवून देते. तिकडून कोणी बोलावं तरी कधी? आन तुमच्या त्या प्रार्थना! प्रफुल्ल देवाचं नाव घेऊन तुले बोलते, तू देवाचं नाव घेऊन त्याले. देव मधात बसून दोघायच्या चिठ्ठ्या पोचवून राहिला का?"

बाईंना हसूही आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी पानांसकट काडीच भाजीत टाकली.

"बायबलातल्या अंत्युखियाच्या मंडळीचं आठव," मावशी म्हणाल्या. "ते सारे मिळून उपास करून देवाची सेवा करत होते, तेव्हा आत्मा बोलला. त्यायनं काय मागतलं होतं, सांग?"

बाईंनी आठवून पाहिलं. "नाही आठवत."

"आठवन कसं? सांगतलेलंच नाही! मागणी कोणतीच नाही. नुसते देवापुढं बसले होते. आन आत्म्यानं काय म्हटलं? तुमचे सगळ्यात चांगले दोन माणसं मले काढून द्या, त्यायले दूर पाठवायचं आहे. तू असती तर म्हणाली असती, प्रभू, आमची हजेरी कमी होते ना!"

"मावशी!"

"मावशी-मावशी नोको करू. खरं आहे का नाही?"

विनोदिनीबाईंनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "बरं. मी घरी बसते दार लावून. एकटी बसून ऐकते. पण त्या प्रफुल्लसोबत कायले? त्याचं तोंड पाह्यलं का माझं सगळं अध्यात्म निघून जाते."

"एकटी बसशील तर तुले तुझाच आवाज देवाचा वाटन. मलेही वाटते. सगळ्यायले वाटते." मावशींचा स्वर पहिल्यांदाच खाली आला. "म्हणून तर मंडळी लागते, माय. मले जे ऐकू आलं ते दुसऱ्यालेही आलं का, हे ताडून पाहायले. आन ज्याच्याशी पटत नाही तो तर पहिले पाहजे. तुझ्या मैत्रिणी तुझ्याच तालात मान हलवतील."

"काल झालं होतं ना आमचं एकमत. भनपुरीच्या गाडीवर. तेव्हाच तर तुम्ही काठी आपटली."

"सोयीवर तर दोन चोरायचंही एकमत होते, विनोदिनी. ज्यात दोघायचंही काही जाते, त्यावर एकमत झालं तर मले येऊन सांग."

बाई उठल्या. "पटलं असं समजू नका," त्या म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "नाही समजत. पण शुक्रवारी ये."

पुढच्या शुक्रवारी मावशींनी पाळकांना आधीच गाठलं होतं. दाराजवळ टोपली ठेवून मोबाईल तिच्यात टाकायला लावले. पाळकांनी सांगितलं, "आज मागण्या नाहीत. एक गीत म्हणू, एक स्तोत्र वाचू, मग गप्प बसू. प्रभूनं मनात काही घातलं तर शेवटी सांगायचं. आणि मंडळीनं ते पारखायचं." बाकं भिंतीला लावून सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवलं होतं. मावशी तेवढ्या खुर्चीवर. गोलात बसल्यावर बायकांची बाजू, पुरुषांची बाजू राहिली नाही, आणि विनोदिनीबाईंच्या शेजारी नेमके आले प्रफुल्ल खंडारे! बाईंनी पदर आवरून घेतला.

गीत झालं, स्तोत्र झालं आणि शांतता सुरू झाली.

शांतता कसली, बाईंच्या डोक्यात तर आठवडी बाजार भरला होता! कमिटीला काय सांगायचं, गाडी सहाला आली तर भनपुरीहून पोचायला किती वेळ, प्रफुल्लनं गाडीचं खरंच पाहिलं की नुसत्याच बाता, घरी गॅस बंद केला का, चित्रा सोमवारी पुन्हा काय बोलेल. त्या मनातल्या मनात देवाशी भांडल्या. इतके दिवस उपाशी राहून राहिली, प्रभू, तुले दया येत नाही का? मग वडिलांची आठवण काढली, देवाला जरा पाझर फुटावा म्हणून. सगळे मुद्दे मांडून झाले. पुन्हा पहिल्यापासून मांडून झाले. तिसऱ्यांदा मांडायला त्यांनाच कंटाळा आला.

तेवढ्यात शेजारून मोठ्ठा गुरगुराट झाला. प्रफुल्लभाऊंचं पोट! त्यांनी घाईघाईनं पोटावर हात दाबला आणि कानापर्यंत लाल झाले. विनोदिनीबाईंना हसू फुटणार होतं, तोच त्यांच्याही पोटानं साथ दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. हा माणूसही सकाळपासून उपाशीच आहे, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. इतके शुक्रवार त्यालाही भूक लागत असणार. त्याचीही आई याच मंडळीनं पुरली आहे.

आणि पुरण्यावरून त्यांना वडिलांची अंत्ययात्रा आठवली. आता मुद्दा म्हणून नाही, नुसतीच. पेटीला खांदा कोणी कोणी दिला? नवरा, दीर, प्रफुल्लचे वडील... आणि मागे डावीकडे तुळशीराम. भनपुरीहून रातपाळी करून तसाच आला होता. डोळे तांबारलेले, अंगावर गोदामातली धूळ. कबरीपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नव्हता.

तो तुळशीराम आज कसा आहे? बाईंना माहीत नव्हतं. त्याची कमला आजारी असायची, ती बरी आहे? माहीत नव्हतं. त्याला मुलं किती, काय शिकतात? काही काही माहीत नव्हतं! माहीत होतं ते एवढंच, की तो आला तर एक बाक भरतो.

ज्यानं आपल्या बापाला खांदा दिला, त्याला आपण बाक भरायला बोलावणार होतो! गाडीत घालून आणायचं, कमिटीला दाखवायचं आणि परत नेऊन सोडायचं! लाज वाटली हो त्यांना, खरी लाज वाटली. त्या लाजेतच पहिल्यांदा त्यांनी देवाला विचारलं, "मग काय करू?" आणि विचारून थांबल्या. पुढचा मुद्दा उरलाच नव्हता.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. पाळकांनी हळूच विचारलं, "कोणाला काही सांगायचं आहे?"

"आपण तिकडं जाऊ," कोणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे हे विनोदिनीबाईंना जरा उशिराच कळलं. "भनपुरीले. त्यायले इकडं नाही आणायचं. आपणच उपासना घेऊन तिकडं जाऊ. हा हॉल... राहो नाहीतर जावो."

बोलून त्या स्वतःच घाबरल्या. हॉल सोडायचा? ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तोच? आता प्रफुल्ल तुटून पडणार, अशा तयारीनं त्यांनी शेजारी पाहिलं.

प्रफुल्लभाऊंचा चेहरा उतरला होता. "बाई, मले वाटलं माझंच डोकं फिरलं," ते म्हणाले. "मी गाडीचाच विचार करून राहिलो होतो. किती वाजता सोडायची, कुठून वळवायची. आन सारखं एकच मनात येऊन राहिलं, का गाडी उलटी काहून जात नाही? इकडून तिकडं? मी म्हटलं, भुकेनं भ्रम झाला. गप बसलो होतो." त्यांनी ओठ दाबले. "मले नाही जायचं तिकडं, खरं सांगतो. ते ट्रक, ती धूळ. पण दुसरं काही येऊनच नाही राहिलं मनात."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी डोळे पुसले, पण आवाज शाळेतलाच. "दोघायलेही नको असलेली गोष्ट दोघायच्याही तोंडून निघाली! इतक्या वर्षांत असं या चर्चमध्ये पहिल्यांदा झालं." मग काठी आपटली. "पण आज काही ठरवायचं नाही. पारखा. विचारा. देवाचं असन तर आठवडाभरात नासणार नाही. आन सगळ्यात पहिले भनपुरीवाल्यायले तर विचारा! का त्यायच्या दारातही आपलंच ठरवून जाता?"

गोलातले सगळेच काही हेलावले नव्हते. एकानं विचारलं, एवढे पंखे लावले हॉलात, ते काय हिंदीवाल्यांना देऊन टाकायचे? दुसरीनं सांगून टाकलं, मी काही त्या बाजूला यायची नाही. पाळकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. वाद झालाच, पण तो वाद डोळे उघडे ठेवून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून झाला. त्या मंडळीत हेही नवीनच होतं.

रविवारी दुपारी विनोदिनीबाई, प्रफुल्लभाऊ आणि पायल भनपुरीला गेले. ट्रकांच्या रांगांमधून, गोदामांच्या मागच्या गल्लीतून विचारत विचारत. तुळशीराम दारातच सापडला. केस पांढरे झालेले. आत कमला खाटेवर बसून तांदूळ निवडत होती.

"जय ख्रिस्त," तुळशीराम म्हणाला. बसा म्हणाला नाही. "आज रस्ता कसा काय चुकले?"

"भेटायले आलो, भाऊ," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"भेटायले!" तुळशीराम हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माझी पाळी सुटते सातले. तुमची उपासना सातची. किती वेळा सांगतलं, एक घंटा सरकवा. कोणी म्हटलं पाहू, कोणी म्हटलं हिंदीवाल्यायची अडचण होते. धावत-पळत आलो तर शेवटचा आशीर्वाद चालू असे. लोक मान वळवून पाहत. मग बसलो घरी. इथंच पाच घरं मिळून गाणी म्हणतो. कमला दोन महिने दवाखान्यात होती, कोणी फोन केला? आन आता झावळ्यांचा रविवार आला, मोजणी आहे म्हणते, तर आले!" त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "सांगून टाका, ताई. किती मुंडकी पाहजे?"

प्रफुल्लभाऊंनी मान खाली घातली. पायल आईकडे पाहत राहिली. एरवी कोणी असं बोललं असतं तर विनोदिनीबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, कारण शब्दन् शब्द खरा होता.

"मुंडकी नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोजणीले येऊ नका. झावळ्यांच्या रविवारी तर येऊच नका! आम्ही विचारायले आलो, का तुम्ही पाच घरं मिळून जे म्हणता, त्यात आम्हाले बसू द्याल का?"

तुळशीरामनं एकदा प्रफुल्लभाऊंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. "आन तुमची सातची उपासना?" तुळशीरामनं विचारलं.

"ती जाईन," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. भरल्या दुपारी, परक्या दारात, मोठमोठ्यानं.

कमलानं सूप बाजूला ठेवलं आणि खाटेवरची जागा रिकामी केली. "आत या पहिले, दीदी. दारात उभं राहून कोणी रडते का?"

झावळ्यांच्या रविवारी कमिटी आली, तेव्हा अर्धी बाकं रिकामी होती. ईस्टरनंतर सातची उपासना बंद झाली. म्हणजे सरळ हिशेबानं पाहिलं तर एवढा उपास वाया गेला, मागणी साफ नामंजूर! काहीजण नवाला जायला लागले, काहीजणांनी जाणंच सोडलं. भनपुरीच्या गल्लीत मात्र दर रविवारी संध्याकाळी पत्र्याच्या छपराखाली मराठीत गाणी होतात. तिथे पंखा एकच आहे आणि डास भरपूर. तुळशीराम आवाज लावतो तेव्हा बाहेर ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नाही. प्रफुल्लभाऊ आणि विनोदिनीबाई अजूनही भांडतात, हिंदी किती आणि मराठी किती यावरून. पण तोंडावर भांडतात, देवाला मध्ये घालत नाहीत. पायल पोरांना गोष्टी सांगते, अर्ध्या या भाषेत, अर्ध्या त्या भाषेत, आणि आईनं त्यावर अजून तरी तोंड उघडलेलं नाही.

बंधू-भगिनींनो, आपण कोणत्याही मंडळीतले असा, उपाशी कसं राहायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पोट रिकामं ठेवून मन मात्र आपल्याच हट्टानं गच्च भरलेलं असेल, तर देवानं बोलावं कुठे? उपास त्याच्यावर दबाव आणायला नसतो. आपण जरा सैल व्हावं, हातातलं सुटावं, म्हणून असतो. आणि तो सगळ्यांनी मिळून करायचा, कारण एकट्याला आपली इच्छा आणि देवाची इच्छा वेगळी ओळखता येत नाही. शेजारी उपाशी बसलेला माणूस, मग तो नावडता का असेना, ती ओळखायला मदत करतो.

विनोदिनीबाईंनी मराठी उपासना वाचव म्हणून देवाला साकडं घातलं होतं. देवानं त्यांचा हॉल घेतला आणि त्यांना तुळशीरामच्या दारात नेऊन उभं केलं. पुढच्या वेळी आपण मिळून उपास धरू, तेव्हा मागून झाल्यावर थोडं थांबू या. तो काय म्हणतो ते ऐकू या, आणि ते आपल्याला आवडणार नाही याचीही तयारी ठेवू या.